वरच्या मजल्यावरून खालची फाइल उघडत नाही, म्हणून पासवर्ड काढू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात त्रिमूर्तीनगरला दोन मजली घर. खाली हॉलमध्ये वडिलांचा विंडोज १० चा डेस्कटॉप. वर तुमचा विंडोज ११ चा लॅपटॉप, पत्नी सीए असल्याने तिचा कामाचा वेगळा लॅपटॉप आणि मुलाकडे विंडोज ७ चा जुना. फायबरवाल्याने बसवलेला रूटर खाली आहे, आणि स्लॅबमुळे वर रेंज येईना म्हणून बर्डीच्या बाजारातून आणलेला दुसरा रूटर वर लावलेला. घरचे फोटो आणि कागदपत्रं सगळ्यांना मिळावीत म्हणून डेस्कटॉपचा अख्खा डी ड्राइव्ह शेअर केला, तर वरून 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' असं येत होतं. मग कुठेतरी बघून 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' दिला आणि फायरवॉलही बंद केली. आता कधी चालतं, कधी नाही. हे सुरक्षितपणे कसं बसवायचं?

सगळ्यात आधी या तिन्ही गोष्टी आजच परत जागेवर ठेवा. फायरवॉल चालू करा, पासवर्ड चालू करा, डी ड्राइव्हचं शेअरिंग काढून टाका. तुमची अडचण या तिघांपैकी एकामुळेही नव्हती. पासवर्ड काढून जे अधूनमधून चालतंय, ते लॅपटॉप त्या क्षणी योगायोगाने खालच्या रूटरला जोडलेला असतो म्हणून चालतंय.

घाई करायला सांगतोय त्यालाही कारण आहे. घरातल्या शेअरिंगला मुख्य धोका बाहेरून कुणी थेट आत शिरण्याचा नसतो, तर आतल्याच एखाद्या संगणकाचा असतो. मुलाने गेमचं 'क्रॅक' उतरवलं किंवा पत्नीने नोटिशीच्या नावाने आलेली फाइल उघडली की खंडणीखोर सॉफ्टवेअर त्या एका संगणकावर सुरू होतं आणि त्या संगणकाला जिथे जिथे लिहिण्याची परवानगी आहे, तिथल्या सगळ्या फाइली कुलूपबंद करतं. 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' म्हणजे त्याला सगळ्या घराची परवानगी आयती देणं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरलं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगच्याच जुन्या, एसएमबी १ या पद्धतीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले.

आता खरी अडचण. तुमच्या घरात एक नेटवर्क नाही, दोन आहेत. खालच्या रूटरची केबल वरच्या रूटरच्या 'वॅन' (इंटरनेट आत घेणाऱ्या) खोबणीत लावली की वरचा रूटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. तपासायला दोन मिनिटं पुरतात. दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या (मी देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायची) आणि 'आयपीव्ही४ ॲड्रेस' समोरचा आकडा बघा. खाली १९२.१६८.१.२० आणि वर १९२.१६८.०.१०५ असं काही दिसलं, म्हणजे पहिले तीन आकडे जुळत नसतील, तर निदान झालं. वरचा लॅपटॉप खालच्या डेस्कटॉपचं नाव हाकारतो, पण ती हाक वरच्या रूटरच्या पलीकडे जातच नाही. पत्ता थेट टाकला तर वरून खाली बहुधा पोचता येतं, पण नावाने सापडत नाही आणि खालून वर तर काहीच पोचत नाही.

उपाय असा की वरच्या रूटरला रूटर राहू द्यायचं नाही, नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे खालचंच नेटवर्क वायफायने पसरवणारा, करायचा. त्याच्या सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असेल तर 'ॲक्सेस पॉइंट' निवडा, काम संपलं. तसा पर्याय नसेल तर हाताने करा: वरच्या रूटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं 'डीएचसीपी' (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि खालून आलेली केबल 'वॅन'मधून काढून 'लॅन'च्या (घरातल्या यंत्रांच्या) खोबणीत लावा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी चालू असताना केबल लॅनमध्ये लावली तर दोन रूटर एकाच घराला पत्ते वाटायला लागतात आणि मग कुणाचं इंटरनेट कधी जाईल याचा नेम राहत नाही. शेवटी सगळे संगणक एकदा बंद-चालू करून पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळीकडे सारखे आलेत का बघा.

रूटरच्या पानावर आहातच तर आणखी काही कामं उरकून घ्या. रूटरचा ॲडमिन पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर बदला. वायफायच्या सुरक्षेसाठी 'डब्ल्यूपीए३' असेल तर तो, नाहीतर 'डब्ल्यूपीए२' एईएससह. बटण किंवा पिनने वायफायला जोडू देणारं 'डब्ल्यूपीएस' बंद. 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची, म्हणजे इंटरनेटवरून घरातल्या संगणकापर्यंत उघडलेल्या दारांची, यादी उघडून ती रिकामी आहे ना याची खात्री करा. विशेषतः ४४५ हा आकडा तिथे कधीही दिसता कामा नये, कारण फाइल शेअरिंग याच पोर्टवर चालतं. रूटरमध्ये 'आयपीव्ही६ फायरवॉल' असा पर्याय असेल तर तो चालू हवा. टीव्ही, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचे फोन 'गेस्ट नेटवर्क'वर टाका. फक्त एक लक्षात असू द्या: गेस्ट नेटवर्कवरचं उपकरण आतल्या संगणकांना बघू शकत नाही. ते तसंच हवं आहे. पण तुमचाच लॅपटॉप चुकून गेस्टवर जोडला गेला तर पुन्हा तोच 'पाथ नॉट फाउंड' येईल. 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचा पर्याय मुख्य वायफायवर चालू असेल तरी हेच होतं.

डेस्कटॉपला पत्ता कायमचा द्या. रूटरमधल्या 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ठरलेला क्रमांक) निवडून १९२.१६८.१.२० बांधून टाका. संगणकातच हाताने पत्ता भरण्यापेक्षा हे बरं, कारण उद्या रूटर बदलला तर फक्त एकाच ठिकाणी बदल करावा लागतो. संगणकाचं नाव १५ अक्षरांच्या आत, इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. इथे मी 'घरसाठा' असं धरतो. फोल्डरची शेअर-नावंही इंग्रजी अक्षरांतच द्या. विंडोजला देवनागरी नावं चालतात, पण प्रिंटर आणि फोनमधली काही ॲप्स त्यावर अडखळतात.

दोन्ही मजल्यांमधली केबलही बघून घ्या. तिचं वरचं टोक लॅपटॉपला लावा; नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' १००० (एमबीपीएस) दिसायला हवी. १०० दिसत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलच्या टोकाचा असतो. १०० च्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या. १००० ला आठही लागतात. क्लिप पारदर्शक असते, उजेडात धरून बघा: निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार शेवटपर्यंत पोचलेलीच नसते, किंवा पितळी दात तिच्यात रुतलेला नसतो. नवी क्लिप मारली की झालं. केबल विकत घेताना 'सीसीए' लिहिलेली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली घेऊ नका. शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. फरक हाताला जाणवतो: १० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ १००० च्या जोडणीवर दीडेक मिनिटात जातो, १०० वर पंधरा मिनिटं लागतात.

इथवर रस्ता तयार झाला. आता डेस्कटॉपवर.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हा संगणक घरभराच्या फाइली सांभाळणार असेल तर तो ११ वर न्या. हार्डवेअर चालत नसेल तर निदान विस्तारित सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. मग नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा. ते 'पब्लिक'वर राहिलं तर विंडोज स्वतःला लपवून घेतं, आणि ते योग्यच करतं. यानंतर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडा. विंडोज १० मध्ये ते कंट्रोल पॅनेलच्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये आहे, ११ मध्ये सेटिंग्जच्या 'नेटवर्क अँड इंटरनेट'खाली. प्रायव्हेटसाठी 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू, पब्लिकसाठी दोन्ही बंद, 'पब्लिक फोल्डर शेअरिंग' बंद, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते; तिच्यातही घरचं नेटवर्क 'ट्रस्टेड' करावं लागतं. विंडोजमध्ये सगळं बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर आधी तिथे बघा.

पुढची पायरी लोक टाळतात आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. डेस्कटॉपवर प्रत्येकासाठी वेगळं लोकल खातं उघडा. सेटिंग्ज, अकाउंट्स, नवीन व्यक्ती जोडा. मायक्रोसॉफ्टचा ईमेल विचारेल तिथे 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' आणि पुढच्या पडद्यावर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हे पर्याय घ्या. तुमचं एक, पत्नीचं एक, मुलाचं एक. सगळी 'स्टँडर्ड', ॲडमिनिस्ट्रेटर यातलं एकही नको. वडील रोज ज्या खात्याने बसतात तेही स्टँडर्ड करा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं खातं फक्त दुरुस्तीपुरतं ठेवा. पासवर्ड रिकामा ठेवला तर विंडोज त्या खात्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले तरी चांगला लांब पासवर्ड होतो आणि तो लक्षातही राहतो.

लोकल खातं एवढ्यासाठी की इथे पिन चालत नाही. रोज लॅपटॉप उघडताना जो चार-सहा आकडी पिन टाकता, तो त्या एकाच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर त्याला काही अर्थ नाही. डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर नेटवर्कवर त्याचा पूर्ण ईमेल आणि ईमेलचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच नसतो. मग तीनदा पिन टाकून होतो, 'पासवर्ड चुकीचा' येतं, आणि माणूस वैतागून पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करतो.

आता फोल्डर. अख्खा ड्राइव्ह शेअर करायचा नाही. डी ड्राइव्हवर 'साठा' नावाचा फोल्डर करा आणि त्याच्या आत तीन: फोटो, कागदपत्रं आणि आवक. पत्नीच्या कामाच्या फाइली मी यात घेतलेल्या नाहीत, आणि ते मुद्दाम. अशिलांची विवरणपत्रं, पॅन, बँकेची स्टेटमेंट्स घरच्या सामाईक संगणकावर ठेवायचं कारणच नाही. त्या तिच्या लॅपटॉपवर राहू द्या, तिथली डिस्क एन्क्रिप्ट करा आणि त्यांची बॅकअप प्रत वेगळी घ्या. जे शेअर करायची गरज नाही ते शेअर न करणं हाच त्याचा सर्वांत पक्का बंदोबस्त.

बाकीच्या तीन फोल्डरांना परवानग्या दोन थरांत द्याव्या लागतात. एक थर शेअरचा, दुसरा डिस्कचा म्हणजे एनटीएफएसचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही थर लागू होतात आणि दोघांत जो कडक असेल तो चालतो. सोपा मार्ग असा: शेअरचा थर थोडा सैल ठेवायचा आणि खरी वाटणी एनटीएफएसमध्ये करायची. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, 'शेअरिंग', 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग', 'परमिशन्स'. तिथून 'एव्हरीवन' काढा, 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' जोडा, त्यांना 'चेंज' आणि 'रीड' द्या. 'फुल कंट्रोल' नको. त्यातून परवानग्या बदलण्याचाच अधिकार जातो, आणि फाइल लिहायला त्याची गरज नसते.

मग 'सिक्युरिटी' टॅब. इथे एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. सी सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर विंडोज मुळातच 'ऑथेंटिकेटेड यूजर्स'ना 'मॉडिफाय' देऊन ठेवतं. म्हणजे त्या संगणकावर ज्याचं कुठलंही खातं आहे तो डी ड्राइव्हवरचं काहीही पुसू शकतो. आपण आत्ताच मुलाचं खातं उघडलंय. त्यालाही हे लागू झालं. म्हणून 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा, म्हणजे ड्राइव्हच्या परवानग्या या फोल्डरला आपोआप लागणं थांबतं. विंडोज दोन पर्याय देईल. 'कन्व्हर्ट' निवडा, 'रिमूव्ह ऑल' नको, नाहीतर 'सिस्टिम'चीही परवानगी जाते आणि बॅकअप बंद पडतो. आता यादीतून 'यूजर्स' आणि 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' काढा. 'सिस्टिम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' राहू द्या. मग नावानिशी माणसं जोडा. फोटोला तुम्हाला आणि पत्नीला 'मॉडिफाय', मुलाला आणि वडिलांना 'रीड अँड एक्झिक्यूट'. कागदपत्रांना तुम्हाला, पत्नीला आणि वडिलांना 'मॉडिफाय'. मुलाचं नावच नाही. आवक फोल्डरला सगळ्यांना 'मॉडिफाय': कुणाला काही द्यायचं असेल तर तिथे टाकायचं आणि तिथून योग्य जागी न्यायचं. 'डिनाय'च्या चौकटीला हात लावू नका. ती परवानगीवर मात करते, आणि एखादं नाव दोन गटांत असलं तर तुम्ही स्वतःच बाहेर राहता.

'सिक्युरिटी' टॅबच दिसत नसेल तर तो ड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात परवानग्या नावाचा प्रकारच नसतो. बाहेरची यूएसबी डिस्क शेअर करणाऱ्यांना हे हमखास भेटतं.

एक बारकावा महिनाभरानंतर त्रास देतो. आवकमधून कागदपत्रांमध्ये फाइल 'कट-पेस्ट' केली, आणि दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर असले, तर फाइल जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन जाते. 'कॉपी-पेस्ट' केली तर नव्या जागेच्या घेते. त्यामुळे कागदपत्रांमधली एखादीच फाइल मुलाच्या खात्यालाही खुली राहिलेली असू शकते. म्हणून कॉपी करून मग मूळ फाइल पुसा. आधीच झालं असेल तर त्या फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीमध्ये 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन' टिक करून पुन्हा लावा. त्याच खिडकीत 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा टॅब आहे. माणसाचं नाव टाकलं की त्याला नेमकं काय करता येतं ते दाखवतो.

आता वरच्या लॅपटॉपवरून जोडणी. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे घरसाठा किंवा १९२.१६८.१.२० टाका. नाव-पासवर्डाची चौकट येईल. नावाच्या जागी नुसतं नाव टाकू नका. आधी डेस्कटॉपचं नाव, मग एक उलटी तिरपी रेघ, मग त्या डेस्कटॉपवर उघडलेल्या खात्याचं नाव. नुसतं नाव टाकलं तर लॅपटॉपला ते स्वतःच्याच खात्यातलं वाटू शकतं, आणि पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. 'रिमेंबर'वर टिक करा, आणि आत गेल्यावर फोल्डरवर उजवी क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून ठेवा.

इथे येणारे अडथळे ठरावीक आहेत. त्रुटी १२१९, म्हणजे एकाच संगणकाला दोन नावांनी जोडता येणार नाही: तुम्ही आधी दुसऱ्या नावाने आत गेलेले असता. लॅपटॉपमध्ये साठवलेले पासवर्ड ठेवणाऱ्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'च्या 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मधून घरसाठाची जुनी नोंद पुसा, लॅपटॉपवरून एकदा साइन-आउट करून परत या. पत्ता टाकून उघडतं पण 'नेटवर्क'च्या यादीत डेस्कटॉप दिसत नाही: शेअरिंग ठीक आहे, फक्त डेस्कटॉपवरच्या 'फंक्शन डिस्कव्हरी'च्या दोन सेवा बंद आहेत. सर्व्हिसेसमध्ये त्या 'ऑटोमॅटिक' करा किंवा यादीचा नाद सोडून मॅप केलेला ड्राइव्ह वापरा. तुमची संस्था पाहुण्याचा प्रवेश रोखते अशा अर्थाचा संदेश आला तर समोरचं यंत्र बिनपासवर्डाचं आत घ्यायला बघतंय. तेव्हा 'इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन' चालू करायचा सल्ला सगळीकडे मिळेल. तो घेऊ नका. समोरच्या यंत्रावर खातं उघडा. रूटरच्या यूएसबीला डिस्क लावून केलेलं शेअरिंग बहुधा इथेच अडतं, त्यातही विंडोज ११ च्या २४एच२ प्रो आवृत्तीत, कारण ती सही केलेल्या जोडणीशिवाय पुढे जात नाही. घरासाठी मी रूटरच्या यूएसबीवर विसंबणार नाही.

मुलाचा विंडोज ७. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्याला घरच्या शेअरवर आणू नका, गेस्ट नेटवर्कवर ठेवा किंवा त्यावर लिनक्स मिंट टाका. जुन्या प्रिंटरचं 'स्कॅन टू फोल्डर' एसएमबी १ मागत असेल तरीही विंडोजच्या 'फीचर्स'मधून एसएमबी १ चालू करू नका. एका स्कॅनरसाठी २०१७ चं तेच भोक घरभर उघडं होतं. पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर स्कॅन घ्या.

वायफायवरून जाणारं सगळं एन्क्रिप्ट व्हावं असं वाटत असेल तर तीही सोय आहे. डेस्कटॉपवर पॉवरशेल (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'सेट-एसएमबीशेअर' या आज्ञेत शेअरचं नाव द्या आणि 'एन्क्रिप्टडेटा' हा पर्याय 'ट्रू' करा. मग एसएमबी ३ न बोलणारं कुठलंही यंत्र त्या शेअरवर येऊच शकत नाही. कागदपत्रांसाठी हे जरूर करा. फोटोंना गरज नाही. जुन्या प्रोसेसरवर वेग थोडा उतरतो. लॅपटॉपवर 'गेट-एसएमबीकनेक्शन' दिलं की 'डायलेक्ट'खाली ३.१.१ दिसायला हवं. अर्थात हे फक्त रस्त्यावरचं संरक्षण. डेस्कटॉपच चोरीला गेला आणि त्याची डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली, तर एनटीएफएसच्या परवानग्या काहीच थांबवत नाहीत. त्यासाठी डी ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, हवा, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर छापून घरातल्या कपाटात.

बाहेरगावाहून फोटो बघायचे असतील तर पोर्ट उघडू नका. टेलस्केलसारखा व्हीपीएन (दोन यंत्रांमधला एन्क्रिप्ट केलेला खाजगी रस्ता) डेस्कटॉपवर आणि फोनवर टाका. अनेक फायबर कंपन्या घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतच नाहीत. टेलस्केल तिथेही चालतं.

बॅकअपबाबत तडजोड नको. मॅप केलेल्या ड्राइव्हवर लिहिता येतं, म्हणजे खंडणीखोरालाही लिहिता येतं. म्हणून बॅकअपची डिस्क शेअरमध्ये नसावी आणि कायम जोडलेलीही नसावी. २ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क घ्या. रविवारी एक लावायची, कॉपी संपली की काढून कपाटात ठेवायची. पुढच्या रविवारी दुसरी. एकीच्या वेळी संगणक आधीच बाधित झालेला असेल तर दुसरी वाचते. तिसरी प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे. आणि दोन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल खरंच उघडून बघा.

नागपूरचा उन्हाळा या सगळ्यात मोजावाच लागतो. हार्ड डिस्कची कामाची वरची मर्यादा साधारण ६० अंश असते. बाहेर ४५ अंश, बंद हॉलमध्ये ४० आणि कपाटात कोंबलेला डेस्कटॉप असेल तर ती ५५ वर सहज जाते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. ५० च्या पुढे वारंवार जात असेल तर कॅबिनेट उघड्यावर आणा आणि पुढचा पंखा साफ करा. पण कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओलसर हवा आणि वाळ्याचा भुसा दोन्ही आत जातात. वीज गेली तर लिहिणं अर्धवट राहून फाइल खराब होते, म्हणून डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस द्या. तो तासभर चालणार नाही. नीट बंद करण्याएवढा वेळ मिळाला की पुरे. दोन्ही मजल्यांमधली केबल गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून नेली असेल तर ती जिन्यातून आत घ्या. जूनच्या पहिल्या कडकडाटात बाहेरच्या तांब्याच्या तारेतून आलेला झटका दोन्ही टोकांची लॅन खोबणी जाळतो.

डेस्कटॉपची 'स्लीप' वेळ 'नेव्हर' करायला विसरू नका. अर्ध्या तासाने शेअर गायब होतो अशी तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते.

शेवटी तपासणी, आणि ती उलट्या बाजूने. तुमच्या लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून स्वतःची नोंद काढा आणि मुलाच्या नावाने आत जा. कागदपत्रं उघडायचा प्रयत्न करा: नकार यायला हवा. फोटोमधली एक फाइल पुसायचा प्रयत्न करा: नकार यायला हवा. आवकमध्ये एक फाइल टाका: जायला हवी. फोन गेस्ट वायफायवर घेऊन १९२.१६८.१.२० उघडायचा प्रयत्न करा: काहीच सापडता कामा नये. या चारपैकी एकही उत्तर वेगळं आलं तर त्या फोल्डरचा 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' किंवा रूटरचं गेस्ट सेटिंग परत उघडा, आणि चारही बरोबर येईपर्यंत कागदपत्रं त्यात हलवू नका.